अस्मानी, सुलतानी आणि शेजारी

आपल्या जुन्या दप्तरांत ‘अस्मानी-सुलतानी’ हा जोडशब्द वारंवार भेटतो. आज आपण तो संकटपरंपरा एवढ्याच ढोबळ अर्थाने वापरतो. परंतु मुळात तो हिशेबाचा शब्द आहे. गावचा वसूल ठरला, कौल झाला, इजारा दिला गेला, आणि पुढे आभाळाने पीक नेले किंवा फौजेने ते तुडविले, तर ठरलेल्या रकमेत सूट मागण्याचा जो आधार, त्याचे हे नाव. आभाळ आणि सिंहासन या दोन ठिकाणांहून कोसळणाऱ्या आपत्तीपुढे रयतेचा इलाज चालत नाही, आणि ज्यावर इलाज चालत नाही त्याचा दोष कोणाच्या माथी मारता येत नाही, असा त्यामागचा न्याय होता. १८८२ सालचा मालमत्ता-हस्तांतरणाचा कायदा उघडला की तोच न्याय इंग्रजी पेहरावात समोर उभा राहतो. आग, वादळ किंवा पूर यांनी, अथवा फौजेच्या वा जमावाच्या दांडगाईने भाड्याची मिळकत निरुपयोगी झाली, तर पट्टा संपविण्याची मुभा त्याच्या १०८ व्या कलमाने भाडेकरूला दिली आहे. वादळ आणि पूर ही अस्मानी. फौज आणि जमाव ही सुलतानी किंवा तिची भावंडे. राज्य बदलले, भाषा बदलली, वर्गवारी मात्र तीच राहिली.

या वर्गवारीत एक रकाना नाही, आणि तो नाही म्हणून वादळांचा आपला इतिहास अपुरा राहिला आहे, असे मला वाटते. वारा आभाळातून येतो हे खरे. परंतु माणसाच्या अंगावर तो सहसा वारा म्हणून येत नाही. तो शेजाऱ्याचा पत्रा होऊन येतो, शेजाऱ्याच्या वाळलेल्या आंब्याची फांदी होऊन येतो, शेजारच्या भिजलेल्या भिंतीची माती होऊन येतो, रस्त्यावरच्या खांबाची तुटलेली तार होऊन येतो. अस्मानाचा हात माणसापर्यंत पोचतो तो शेजाराच्या मार्फत. हा तिसरा रकाना भरण्याचा अल्पसा प्रयत्न म्हणजे प्रस्तुत लेख होय.

आपल्याकडील वादळांचा लिखित इतिहास बहुतांशी किनाऱ्याचा आहे, आणि तो स्वाभाविकही आहे. मे १६१८ मध्ये वसईवर जे तुफान आले त्याची हकीकत पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवली आहे. समुद्र शहरात शिरला, चर्चांची छपरे उडाली, मोठमोठे दगड दूरवर फेकले गेले, दोन हजार माणसे मेली, असे ते सांगतात. १ नोव्हेंबर १८५४ च्या वादळाने मुंबईत चार तासांत पाच लाख पौंडांची मालमत्ता आणि एक हजार माणसे नेली, अशी नोंद मुंबईच्या गॅझेटियरात आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वाटेतच उलटली आणि सहाशेंहून अधिक उतारू बुडाले. कुलाबा जिल्ह्यातील कितीतरी घरांत तो दिवस अजून विसरला गेलेला नाही. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात, म्हणजे १९४८ साली, मुंबईने आणखी एक चक्रीवादळ अनुभवले.

या मालिकेत एक वादळ असेही आहे, की जे झालेच नाही. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ येऊन एक लाख माणसे मेली, असे विधान कितीतरी ग्रंथांनी आणि याद्यांनी एकमेकांवर विसंबून छापले. वास्तविक त्या वेळच्या वृत्तपत्रांत असल्या संहाराचा मागमूस नाही. अमिताव घोष यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या पुस्तकात या भाकडकथेचा समाचार घेतला आहे. मला तर जनगणनेचा एक आकडाच पुरेसा वाटतो. १८८१ साली मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. दर आठ मुंबईकरांमागे एक मनुष्य एका दिवसात मेला, आणि शहराने त्याचा दगडही उभारला नाही, ही गोष्ट कोणते न्यायालय मान्य करील? कायद्याच्या पुस्तकात ‘वादळ’ हा शब्द त्याच वर्षी दाखल झाला आणि न झालेले वादळ इतिहासाच्या पुस्तकात त्याच वर्षावर नोंदले गेले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

परंतु गमतीपलीकडचा मुद्दा असा की, खऱ्या वादळाची नोंद असो वा खोट्याची, ती एकाच साच्याची असते: इतके मेले, इतक्या नौका बुडाल्या, इतक्या पौंडांचे वा रुपयांचे नुकसान झाले. कोणाचे काय कोणाच्या अंगावर पडले, हे तीत नसते. वसईचे चर्चमधून उडालेले दगड ज्या झोपड्यांवर पडले त्या झोपड्या कोणाच्या होत्या, हे बखरकाराने विचारले नाही. शेजार हा इतिहासाच्या दृष्टीला पडत नाही, आकडा पडतो.

किनाऱ्याला निदान आकडे तरी मिळाले. सह्याद्रीच्या अलीकडील मुलखाचे काय? आणि तेथूनही शेकडो कोस पूर्वेला, जेथे समुद्राची गाज कधी कोणी ऐकलेली नाही, त्या मुलखाचे काय? उदाहरणासाठी मी लालबर्रा घेतो. आपल्या किनाऱ्यावरील वाचकांपैकी अनेकांना हे गाव नकाशात शोधावे लागेल. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, भाताच्या बांध्यांनी वेढलेले हे तहसिलीचे ठिकाण आहे. १८६७ साली भंडारा, सिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे लचके जोडून बालाघाट जिल्हा बनविण्यात आला. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती आणि न्यायाची शेवटची पायरीही नागपूरच्या उच्च न्यायालयाची होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि येथील पक्षकाराची वाट नागपूरऐवजी जबलपूरकडे वळली. रेघ नकाशावर पडली. पोवारी, मराठी, हिंदी आणि गोंडी एकाच बाजारात बोलणाऱ्या माणसांची सोयरीक तिच्या दोन्ही अंगांना तशीच राहिली. आणि वाऱ्याला तर ती रेघ ठाऊकच नाही.

सी. ई. लो यांनी संपादिलेले बालाघाट जिल्ह्याचे गॅझेटियर १९०७ साली निघाले. मध्य प्रांताच्या त्या मालेची ठेवण ठरलेली होती: इतिहास, लोकसंख्या, शेती, जंगल, दुष्काळ, जमीन महसूल. दुष्काळाला स्वतंत्र प्रकरण असे, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या वर्षांची होरपळ ताजी असताना ते असणे योग्यच होते. वाऱ्याला प्रकरण नव्हते. याचे कारण उघड आहे. दुष्काळ जिल्ह्याला एकदम ग्रासतो, त्यामुळे तो सरकारी वसुलात दिसतो. वैशाख-ज्येष्ठातले वावधान एका मोहल्ल्याला झोडपते आणि पलीकडच्या मोहल्ल्यातील तुळशीचे पानही हलवीत नाही. ते जिल्ह्याच्या बेरजेत विरघळून जाते.

या वावधानाची रीत समजून घेणे अगत्याचे आहे. समुद्रावरील चक्रीवादळ दोन-चार दिवस आधी जाहीर होते. २००४ पासून तर आपल्या समुद्रांतील प्रत्येक चक्रीवादळाला नामकरणही होते. त्याचा विस्तार शेकडो किलोमीटर असतो. आतल्या मुलखातील उन्हाळी वादळ निराळ्या जातीचे. दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग उंचच उंच चढतो, त्यातील पावसाने आणि गारांनी थंड झालेली जड हवा एकाएकी खाली कोसळते, आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. सारा खेळ दहा-वीस मिनिटांचा, पल्ला काही कोसांचा. त्याला नाव नसते, त्याची आगाऊ वर्दी अगदी थोडी, आणि तो संपला की आकाश पुन्हा निरागस दिसू लागते. हवामानशास्त्र या झोताला चंडवात म्हणते. मुद्दाम बसविलेल्या वेधशाळेतून त्याचा एखादा झोत निसटला, तर शास्त्राच्या लेखी तो आलाच नाही.

परंतु अल्पायुषी म्हणून हा वारा दुबळा असतो, ही समजूत चुकीची आहे. इमारतींवरील वाऱ्याचा भार ठरविण्यासाठी भारतीय मानक संस्थेने जे प्रमाण केले आहे, त्याच्या १९८७ च्या आवृत्तीत प्रमुख शहरांची यादी दिलेली आहे. पन्नास वर्षांत सरासरीने एकदा येऊ शकेल असा क्षणिक झोत, मोकळ्या जागी, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर, किती वेगाचा धरावा हे ती यादी सांगते. मुंबईपुढे सेकंदाला ४४ मीटर असा आकडा आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. नागपूरपुढेही ४४ च आहे. जबलपूरपुढे ४७ आहे. आणि पणजीपुढे ३९! लालबर्रा नागपूर आणि जबलपूर यांच्या मधल्या मुलखात आहे. अर्थात किनाऱ्यापासून दूर आहोत म्हणून वाऱ्यापासून सुरक्षित आहोत, ही समजूत निदान अभियंत्यांच्या शास्त्राला मान्य नाही. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात नुसते खडखडणारे छप्पर ताशी ८० च्या वाऱ्यात चौपट जोराने उचलले जाते.

आता या झोताच्या वाटेत एक वस्ती कल्पावी आणि घरामागून घर पाहावे. वस्तीच्या कडेचे पहिले घर वारा आपल्या छातीवर झेलते. त्याच्या आडोशाने मागची घरे बचावतात. म्हणजे गावकुसाकडच्या गरिबाचे खोपटे मधल्या चौकातल्या वाड्याची ढाल असते, आणि ढालीला मोबदला मिळत नाही. पुढच्या घराचे दार किंवा खिडकी उघडी राहिली तर वारा आत शिरून छपराला आतून ढकलतो, बाहेरून ते वर खेचले जातच असते. या दुहेरी ओढीने छप्पर सुटते. सुटलेले छप्पर मागच्या घरावर जाते. दोन उंच भिंतींच्या मधल्या बोळात वारा कोंडला की त्याचा वेग वाढतो, आणि बोळाच्या तोंडाशी जे असेल त्याला तो वाढीव वेग भोगावा लागतो. एकंदरीत, एका घराचे नशीब त्याच्या स्वतःच्या भक्कमपणावर जेवढे, तेवढेच शेजारच्या घराच्या ढिलाईवर अवलंबून असते.

येथे साधनांच्या बदलाचाही एक लहानसा इतिहास आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील जुने घर मातीच्या भिंतीचे आणि कवेलूंच्या छपराचे. कुंभाराने भाजलेली ही लहान अर्धगोल कौले एकमेकांवर नुसती टेकवलेली असतात. सोसाट्याच्या वाऱ्यात ती घसरतात, आपटतात, फुटतात; परंतु बहुधा आपल्याच वळचणीखाली पडतात. नुकसान ज्याचे त्याला. दरवर्षी मृगापूर्वी छप्पर शाकारावे लागे, आणि ते काम शेजाऱ्याशेजाऱ्यांनी मिळून उरकण्याची रीत होती. एक वर चढे, दुसरा खालून कवेलू देई. पुढे टिनाचे पत्रे आले. पत्रा टिकाऊ, हलका, दरसालच्या शाकारणीतून सोडविणारा. गरिबाने तो घेतला यात नवल नाही. परंतु पत्रा नीट जखडलेला नसेल, नुसते दगड ठेवून दाबलेला असेल, तर तो वळचणीखाली पडत नाही. तो पात्यासारखा उडतो, आणि त्याच्यावरचे दगडही आपली जागा सोडतात. कवेलूंच्या काळात छपराचे नुकसान बहुतेक घरच्या घरी राहत असे. पत्र्यांच्या काळात ते शेजाऱ्याकडे पोचते झाले. आणि शाकारणीच्या निमित्ताने वर्षातून एकदा शेजाऱ्याच्या आढ्यावर जी नजर जात असे, ती याच सुमारास जाईनाशी झाली. वस्तू बदलली की शेजारधर्माचे नियमही बदलावे लागतात. ते आपण बदलले नाहीत.

झाडांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मध्य प्रांतात मालगुजारीची पद्धत होती. गावातील झाडे, गुरचराई, वाटा, तळी आणि निस्तार यांविषयीच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावकागदात नोंदविल्या जात. लाकूडफाट्याचा प्रत्येक हक्क कोणाचा, याचा विचार त्यात होता. म्हणजे पडलेले झाड कोणी न्यावे याला उत्तर होते. ते झाड ज्याच्या कोठ्यावर पडले त्याच्या बैलाचे काय, याला मात्र उत्तर मिळण्याची सोय नव्हती. कारण झाड वजनदार असामीचे, आणि कोठा कुळाचा. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. मालक बदलले, झाडे वयाने वाढली, आणि प्रश्न जिथल्या तिथे उभा राहिला.

गोमंतकीय वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. तेथे भाट भाटकाराचे आणि भाटातले घर मुंडकाराचे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराच्या डोक्यावरचे छप्पर कायद्याच्या आश्रयाखाली आणले. परंतु छपरावर झुकलेला माड बहुधा भाटकाराचाच राहिला. तो तोडावयाचा तर १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा परवानगी मागतो. माड हा कायद्याच्या दृष्टीने ‘वृक्ष’ आहे की नाही, हाच वाद तेथे पेटला. २०१६ साली दुरुस्ती करून माडाला वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आले, आणि २०१७ साली राज्यवृक्ष म्हणून त्याला पुन्हा मानाने आत घेण्यात आले. माडाचे रक्षण व्हावे हे योग्यच आहे. परंतु माडाखाली झोपणाऱ्याचे रक्षण कोणी करावयाचे, ही बाजू त्या वादात फारशी ऐकू आली नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा गोव्यात दोघांचे प्राण गेले: एक जीव पडलेल्या माडाने घेतला, दुसरा कोसळलेल्या विजेच्या खांबाने. समुद्राने एकही घेतला नाही. वादळ समुद्राचे, मृत्यू शेजारचा.

त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड येथील नारळी-पोफळीच्या वाड्या ज्यांनी पूर्वी पाहिल्या असतील, त्यांना नंतरचे दृश्य वर्णून सांगण्याची गरज नाही. पोफळीची वाडी हा शेजाराचा उत्तम नमुना आहे. सडपातळ खोडांची ही झाडे दाटीने एकमेकांच्या आडोशाने उभी राहतात. कडेची रांग पडली की आतली उघडी पडते, आणि एकाची वाडी मोडली की गडग्यापलीकडच्या दुसऱ्याच्या वाडीचा आडोसा जातो. भरपाई ठरली ती प्रथम हेक्टरी ५० हजार रुपये. पण ज्या मुलखात वाड्या गुंठ्यांनी मोजतात तेथे हेक्टरचे माप काय कामाचे? लोकांनी ओरड केली, आणि पुढे नारळ-सुपारीसाठी झाडागणिक मदतीचा निर्णय झाला. माप बदलले ही चांगली गोष्ट झाली. मात्र हेक्टर असो वा झाड, मोजले गेले ते एकेकट्या मालकाचे नुकसान. आडोसा हरवला, याला कोणत्याही पंचनाम्यात रकाना नव्हता.

आता न्यायालयाकडे वळू. इंग्रजी कायद्यात ‘देवाची करणी’ हा बचाव फार जुना आहे. १८६८ साली रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात, धोकादायक वस्तू आपल्या जागेत साठविणाऱ्याने ती निसटल्यास होणारी हानी भरून द्यावी, असे तत्त्व ठरले. आठ वर्षांनी, १८७६ मध्ये, निकोल्स विरुद्ध मार्सलँड या खटल्यात, असाधारण पावसाने खाजगी तलाव फुटल्यावर प्रतिवादीला देवाच्या करणीचा आधार मिळाला. हा बचाव आपल्याकडे आला तेव्हा त्याला आपले ‘अस्मानी’ भेटले, आणि दोघांचे चांगले जमले. वाऱ्याने पडले, पावसाने पडले, आमचा काय दोष?

या मैत्रीला पहिला चिमटा काढणारा एक निर्णय मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचाच आहे, ही मला विशेष महत्त्वाची गोष्ट वाटते. कल्लूलाल विरुद्ध हेमचंद हा निवाडा १९५८ च्या संग्रहात छापला गेला. २·६६ इंच पाऊस झाला त्या दिवशी एका इमारतीची भिंत कोसळली आणि वादीची दोन मुले दगावली. घरमालकाचे म्हणणे, पावसाने पडली, ही देवाची करणी. न्यायालयाने म्हटले, पावसाळ्यात एवढा पाऊस पडणे यात असाधारण ते काय? जे दरसाल येते त्याची वाट पाहून भिंत नीट ठेवणे हे मालकाचे काम. या एका प्रश्नाने अस्मानीच्या रकान्यातील केवढी तरी नोंद काढून शेजाऱ्याच्या रकान्यात घातली. कारण जो न्याय पावसाळ्यातल्या पावसाला, तोच वैशाखातल्या वावधानाला लावावा लागतो. ते कोणत्या दिवशी येईल हे सांगता येत नाही. येईल, एवढे मात्र निश्चित.

पुढील निवाडे याच वाटेने गेले. दिल्लीत रस्त्याकडेच्या झाडाची फांदी स्कूटरस्वाराच्या डोक्यावर पडून तो मेला. झाड वाळलेले होते आणि ते पाहून वेळीच दूर करणे महापालिकेचे कर्तव्य होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ठरविले. ओरिसात वादळी पावसात विजेचा खांब उन्मळून जिवंत तारेने माणूस मेला. तेथील उच्च न्यायालयाने देवाच्या करणीचा बचाव नाकारला, तो निवाडा २००० च्या संग्रहात आहे. आणि मध्य प्रदेशातील एक कामगार २३ ऑगस्ट १९९७ च्या रात्री कारखान्यातून सायकलने घरी परतत असता, पावसाच्या पाण्यात पडलेली तुटकी तार त्याला दिसली नाही. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले की, ज्याचा धंदाच धोकादायक वस्तूचा, त्याने निष्काळजीपणा सिद्ध होण्याची वाट न पाहता भरपाई दिली पाहिजे. तार ज्याची, जोखीम त्याची.

तरीही जुना बचाव मेलेला नाही. १३ मे २०२४ रोजी दुपारी मुंबईत धुळीचे वादळ उठले आणि घाटकोपर येथे एक अवाढव्य जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळून १७ माणसे मेली. महापालिकेच्या नियमाप्रमाणे फलक ४० फूट लांब-रुंद असू शकत होता. हा जवळजवळ १२० फुटांचा होता. हे चक्रीवादळ नव्हते. लालबर्राला येते त्याच जातीचे, घटकाभराचे, बिननावाचे वावधान होते. आणि आरोपीच्या वतीने न्यायालयात पुढे करण्यात आलेला युक्तिवाद कोणता? ही देवाची करणी होती! वसईपासून घाटकोपरपर्यंत चारशे वर्षे गेली, परंतु वारा सुटला की आभाळाकडे बोट दाखविण्याची आपली सवय गेली नाही.

शासनाच्या मदतीची व्यवस्थाही या सवयीला पोषकच आहे. मध्य प्रदेशात ‘राजस्व पुस्तक परिपत्र ६-४’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांखाली नैसर्गिक प्रकोपाने झालेल्या पीक, घर, गुरे आणि माणसे यांच्या हानीसाठी साहाय्य मिळते. पटवारी येतो, पंचनामा होतो, घर पूर्ण पडले की अंशतः, याची नोंद होते. केंद्राच्या आपत्तिनिधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे. नुसत्या वावधानाचे नाव त्यात नाही. स्थानिक आपत्ती म्हणून राज्यांना निधीतील दहा टक्क्यांपर्यंत रक्कम वापरण्याची सवड आहे, एवढेच. ही मदत गरिबाला हवीच आहे, आणि तिला मी कमी लेखीत नाही. परंतु मदत मिळाली की प्रकरण मिटले, आणि कोणाच्या पत्र्याने कोणाचे घर फोडले हा प्रश्न विचारण्याचे कोणालाच कारण उरत नाही. नुकसान शेजाऱ्याने केले, भरले सरकारने, नाव लागले देवाचे.

मग काय, प्रत्येक पत्र्यामागे दिवाणी दावा लावावा? असा सल्ला वकिलाने दिला तर त्यात त्याचाच लाभ आहे असे लोक म्हणतील, आणि बरोबर म्हणतील. नुकसानभरपाईच्या दाव्याला रकमेच्या प्रमाणात न्यायशुल्क भरावे लागते, वर्षे मोजावी लागतात, आणि ज्याच्याकडून एरवी बैलजोडी उसनी आणावयाची त्याच्यावर फिर्याद करावी लागते. लहान गावात शेजारी हा प्रतिवादी होण्याआधी शंभर गोष्टी असतो. म्हणून वादळानंतरच्या कायद्यापेक्षा वादळापूर्वीचा कायदा मला मोलाचा वाटतो, आणि आश्चर्य असे की तो आपल्याकडे फार दिवसांपासून आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३ वे कलम, जे त्याच क्रमांकाने १८९८ च्या संहितेतही होते, आणि जे १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात आले आहे, त्यात कार्यकारी दंडाधिकाऱ्याला एक अधिकार दिलेला आहे. एखादी इमारत, तंबू, बांधकाम किंवा झाड पडून ‘शेजारी’ राहणाऱ्यांना, तेथे धंदा करणाऱ्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होण्याचा संभव असेल, तर ते काढणे, दुरुस्त करणे किंवा त्याला टेकू देणे यासाठी तो हुकूम करू शकतो. माझ्या तिसऱ्या रकान्याचा शब्द येथे, एवढ्या एका ठिकाणी, कायद्याने स्वतःच उच्चारला आहे.

या कलमासाठी मोठे न्यायशुल्क लागत नाही, जीव गेल्याचा पुरावा लागत नाही. पटवाऱ्याचा अहवाल किंवा साधा अर्ज पुरतो. ज्याला आपल्या छपरावर झुकलेल्या झाडाविषयी मोठ्या शेजाऱ्याशी तोंडावर बोलण्याची छाती होत नाही, त्याच्यासाठीच हे कलम आहे. पूर्वी मृगाआधी घरे शाकारत, तशी चैत्र-वैशाखात वस्ती शाकारली पाहिजे. ग्रामपंचायतीच्या दोन सभासदांनी आणि पटवाऱ्याने एकदा गल्लीगल्लीतून फिरून कोणता पत्रा सुटा आहे, कोणती भिंत पोट काढून उभी आहे, कोणते झाड पोखरले आहे, कोणती तार लोंबते आहे, एवढे लिहून काढावे आणि मालकाला दाखवावे. शंभरातले नव्वद मालक सांगितल्याबरोबर पत्रा जखडतील. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. उरलेल्या दहांसाठी दंडाधिकारी आहे. आणि ज्याला पत्रा जखडण्याचे खिळे-आकडे घेण्याचीही ऐपत नाही त्याला ते पंचायतीने द्यावेत. वादळानंतरच्या मदतीपेक्षा ते खचितच स्वस्त पडतील.

‘शेजार’ हा शब्द मराठीत आणि कोंकणीत जवळजवळ एकच आहे. आपण तो सुखदुःखाच्या वाटणीसाठी वापरतो, आणि वादळानंतर तो अर्थ खराही होतो. ज्याच्या पत्र्याने भिंत फोडली तोच मनुष्य रात्री आपल्या घरात जागा देतो, चूल पेटवून देतो, सकाळी माती कालवावयास येतो. हे मोठेपण नाकारता येणार नाही. परंतु पत्रा उडाल्यानंतरचा शेजारधर्म आपल्या अंगवळणी पडलेला आहे. उडण्यापूर्वीचा अजून पडावयाचा आहे. अस्मानीला आपण थांबवू शकत नाही, सुलतानीशी झगडा लांबचा आहे. तिसरा रकाना तेवढा आपल्या हातचा, आणि त्यातील नोंदी प्रत्येक वस्तीने आपल्याच हाताने कमी करावयाच्या आहेत.